खडकपूर्णेच्या लाटांत: डोकं शेवटी

कयाक ही अरुंद होडी उलटली की आत बसूनच, पाण्याखालून, वल्ह्याच्या आणि कंबरेच्या झटक्याने ती पुन्हा सरळ करायची. याला रोल म्हणतात. मयुरीने मला त्याचा व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, जायचं?" मयुरी माझी आतेबहीण, डोणगावची, माझ्याहून लहान. ती पोहायला शिकली गेल्या वर्षी. मी शाळेत जायच्या आधीपासून पोहते. त्यामुळे मी हो म्हणाले ते तिला सांभाळायला सोबत हवी म्हणून, असं माझं मत होतं.

पोळा होऊन गेला होता. खडकपूर्णा धरणाच्या काठावर तीन दिवसांचं शिबिर होतं. तंबू, दोन वेळचं जेवण आणि होडी धरून माणशी साडेचार हजार. मी जानेफळहून मेहकरला आले, मयुरी डोणगावहून. पुढे सिंदखेडराजाची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास स्वस्तात होतो. दुसरबीडला गाडी थांबली तेव्हा मयुरीने खिडकीतून आलुबोंडे घेतले. मी खाल्ले नाहीत, पाण्यात पोट बिघडेल म्हणून. तिने माझेही खाल्ले. सिंदखेडराजाहून गाडी बदलून देऊळगाव राजा, तिथून काठापर्यंत रिक्षा मिळते, पण शेवटचा रस्ता काळ्या मातीचा आहे. पावसाळी चपलाच घाला.

शिकवणारे संदेश सर दुसरबीडचेच. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रेस शिकवला: होडी कलली की वल्ह्याचं पातं पाण्यावर आडवं थापायचं आणि त्या आधारावर सावरायचं. हे मला पहिल्याच दुपारी जमलं. सर मुद्दाम होडी हलवत, मी थाप मारून सरळ होत असे. मयुरी मात्र प्रत्येक वेळी पाण्यात. बाहेर आली की केस झटकत हसायची. संध्याकाळी झुणका-भाकरीवर ताव मारताना ती सगळ्यांना सांगत होती की ताई पाडूनही पडत नाही. मी खूश होते. ते लपवायचा प्रयत्नही मी फारसा केला नाही.

दुसऱ्या दिवशी रोल. सरांनी नियम सांगितला: काठच्या टेकाडाच्या आडोशाला, शांत पाण्यात ज्याला स्वतःहून उठता येईल, त्यालाच शेवटच्या दुपारी टेकाडापलीकडे न्यायचं. तिथे वारा मोकळा सुटतो आणि लाटा एकीवर एक आदळतात. मला तिथेच जायचं होतं. त्यासाठीच आले होते, हे मला तेव्हा कळलं.

मयुरी तिसऱ्या प्रयत्नात उठली. सहज, झोपेतून कूस बदलावी तशी.

मला जमेना. होडी अर्धी सरळ व्हायची आणि पुन्हा मला घेऊन खाली जायची. नाकात पाणी, कानात पाणी (नाकाचा चिमटा घरूनच न्या, तिथे पुरत नाहीत). सरांनी मला काठावर बसवून विचारलं, पोहायला कुणी शिकवलं. मी म्हणाले, पप्पांनी, शेताच्या विहिरीत.

"आधी काय करायला सांगत होते?"

"तोंड वर. पहिले श्वास, मग बाकीचं."

सर हसले. "मंग बरोबर आहे. विहिरीत तेच पाहिजे. इथं डोकं शेवटी काढायचं. डोकं जड असतं मॅडम, ते आधी काढलं की होडी परत खाली."

बाराखडी, पाढे, पोहणं. माझं सगळं पहिलं शिक्षण घरी झालं, पप्पांकडून. ते इतकं पक्कं होतं की पाण्याखाली गेले की मान आपोआप वर जायची. मयुरीच्या अंगात असं काहीच आधीचं नव्हतं. सरांनी सांगितलं, तिने केलं. मला तिच्या कोऱ्या अंगाचा हेवा वाटला. विचित्र वाक्य आहे, पण तसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले. खरंच उठले: आभाळ, टाळ्या, मयुरीची शिट्टी. पण वर येताना होडीला खालून कसला तरी टेकू मिळाल्यासारखं वाटलं होतं. सर बाजूलाच कंबरभर पाण्यात उभे होते. टाळ्या मी आधी घेतल्या. मग विचारलंच. त्यांनी मान डोलावली. दोन बोटं लावली होती, म्हणाले, अगदी थोडी. त्यानंतर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एकदाही जमलं नाही.

कपडे पिळताना मयुरी चिडली. "काऊन विचारलं वं ताई? मी पाह्यला होता सरचा हात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुले तिकडं जायचं होतं ना. म्या म्हटलं, जाऊ दे."

म्हणजे मनाचा मोठेपणाही तिच्याकडेच. मला तिचा आणखी राग आला.

दुपारी मी टेकाडावर बसून पाहिलं. लाटा विटकरी रंगाच्या होत्या. एक आडवी आली आणि मयुरीची होडी उलटली. नुसता पांढरा तळ दिसत राहिला. मी उभी राहिले. त्या क्षणी माझ्या मनात फक्त ती वर यावी एवढंच होतं, याचं मला बरं वाटतं. मग वल्हं बाहेर आलं, खांदा आला, सर्वांत शेवटी डोकं. ती वर आली तशी मी पुन्हा आधीसारखी झाले.

घरी पोचलो तेव्हा मयुरी एक मुक्काम आमच्याकडे राहिली. चहा घेताना पप्पांनी विचारलं, "मंग, आला का रोल?"

मी तोंड उघडायच्या आत मयुरी म्हणाली, "आला ना मामा. ताईले माह्या आधी आला."

"नाही आला, पप्पा," मी म्हणाले. "मयुरीला आला. मला ब्रेस येतो."

चुकलं कुठे, असं पप्पांनी विचारलं आणि मी सांगितलं: मी डोकं आधी काढते. ते का काढते हे मी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"डोकं शेवटी," ते स्वतःशीच म्हणाले. मग मयुरीकडे वळले. "पोरी, दाखव बरं मले."

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. ब्रेस एका दिवसात येतो, रोल येईलच असं नाही. मी पुन्हा जाणार आहे. हेवा गेलेला नाही. लिहिल्याने जाईल असं वाटलं होतं, तसंही झालं नाही.

मयुरी सतरंजीवर पाय लांब करून बसली, कुशीवर कलंडली आणि कंबर आधी, मान नंतर, असं सावकाश उठून दाखवलं. पप्पा समोर मांडी घालून बसले होते. त्यांनीही मान खांद्यावर टाकून पाहिली आणि विचारलं, अशी टाकायची का. माझ्या पप्पांना कुणी काही शिकवताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि शिकवणारी मी नव्हते.