ललिताताईंनी टँक बंद केला

ललिता खिल्लारे पुण्यात आल्या तेव्हा त्यांनी पोहण्याचा टँक कधी पाहिलाही नव्हता. रिसोड तालुक्यातलं माहेर, मग लग्न आणि सुतारदऱ्यातली एक खोली. कोथरूडमधल्या एका क्लबला टँकवर बायकांच्या बॅचसाठी बाई हवी आहे, असं शेजारणीकडून कळलं आणि त्या तिथे लागल्या. कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या, लोक विसरून गेलेले चष्मे सांभाळून ठेवायचे आणि शॉवर न घेता पाण्यात शिरणाऱ्यांना मागे फिरवायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. "मी घरून अंघोळ करून आलेय," असं कोथरूडमध्ये प्रत्येक जण सांगतो आणि बहुधा ते खरंही असतं.

पाणी बघायचे ते रंगनाथकाका. त्यांचं सगळं काम डोळ्यांवर आणि अंदाजावर. पाणी हिरवट दिसलं की ते पातळ क्लोरीनचे दोन कॅन ओतत. कोणी डोळे चुरचुरतात म्हणालं की दोन दिवस काहीच ओतत नसत. एका उन्हाळ्यात टँकवर क्लोरीनचा वास भपकन येत होता, तरीही मुलांचे कान दुखायला लागले, अंगावर पुरळ उठायला लागलं. एवढा वास येतो म्हणजे औषध भरपूर आहे, मग जंतू मरत का नाहीत, असं ललिताताईंनी काकांना विचारलं. मला ठाऊक नाही, असं काकांनी सरळ सांगून टाकलं.

त्याच वर्षी औषध पुरवणाऱ्या कंपनीने टँक सांभाळणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग ठेवला. काकांनी स्वतःऐवजी ताईंचं नाव दिलं. वर्गात चोवीस पुरुष आणि या एकट्या. तिथे त्यांना उत्तर मिळालं. तो वास घाम आणि लघवी मिसळून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. वास वाढला म्हणजे औषध जास्त झालं असं नव्हे, ते कमी पडतंय. हे ऐकून ताई इतक्या खूश झाल्या की घरी जाऊन नवऱ्याला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

त्यानंतर त्या दिवसातून तीनदा पाणी तपासू लागल्या. छोट्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, त्यात गोळी विरघळवायची आणि गुलाबी रंग किती गडद होतो, म्हणजे क्लोरीन किती आहे, ते तक्त्याशी ताडून पाहायचं. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्नच उरला नव्हता.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, लहान मुलांची बॅच भरलेली. दुसऱ्या दिवशी टँकवर आंतरशालेय स्पर्धा होती. उथळ बाजूला पाच वर्षांच्या तेजसला पाण्यातच पातळ शी झाली. त्याची आई नम्रता काठावर होती. ती त्याला घाईने उचलून शॉवरकडे निघाली, पण ताईंनी पाण्यातला ढग पाहिला होता. त्यांनी शिट्टी वाजवली आणि चाळीसही मुलांना बाहेर काढलं.

नम्रता पांढरीफटक पडली होती. तेजसला चार दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, पण काल तो बरा होता, म्हणून आणलं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. ताईंनी तिला मुलाला घरी नेऊन डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. कोणाचं मूल, हे त्यांनी नंतरही कोणाला सांगितलं नाही.

क्लबचे सेक्रेटरी संतोष पाटणकर धावत आले. पाणी गाळून घ्या, क्लोरीन टाका, अर्ध्या तासात बॅच सुरू करा, असं त्यांचं म्हणणं पडलं. शी घट्ट असती तर अर्धा तास पुरला असता, ताई म्हणाल्या, पण जुलाबातून येणारा एक जंतू असा आहे की तो नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभर जगतो. नेहमीच्या दहापट क्लोरीन करून तेरा तास पंप चालवावा लागेल. मग उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवायचा, ते पाणी गटारात सोडायचं आणि क्लोरीन उतरेपर्यंत थांबायचं. म्हणजे उद्याची स्पर्धा होणार नाही.

एव्हाना काठावर माणसं जमली होती. त्यांत बापूराव होते. वय पंचाहत्तर, रोज पोहणारे, आणि बोलणं तिरकं.

"आम्ही मुठेत पोहायला शिकलो," ते म्हणाले. "तिथे कोणी नळ्या घेऊन उभं नसायचं."

"तेव्हाची मुठा आणून द्या, काका. मी आत्ता कुलूप काढते."

दोघं-तिघं हसले. बापूराव हसले नाहीत. "म्हणजे आता आम्ही पाण्यात उतरायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार?"

बापूरावांच्या मनात कदाचित काहीच नसेल. पण ताईंना आजी आठवली. ती गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर परत. हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. माणसाला पाण्यापासून अडवणं म्हणजे काय, ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि आज अडवत होत्या त्या स्वतः.

"मी नाही ठरवत," त्या म्हणाल्या. "काय झालं, कशामुळे बंद आणि कधी उघडणार, ते सगळं फळ्यावर लिहिते. उघडायच्या आधी तुम्ही स्वतः या आणि नळीतला रंग बघा. तुम्हाला पटल्याशिवाय मी कोणाला उतरवणार नाही."

त्यांनी खरंच फळा लिहिला. संतोष पाटणकरांनी कपाळाला हात लावला, पण एकेका शाळेला फोन करून स्पर्धा आठवडाभर पुढे ढकलली.

रविवारी दिवसभर टँक उन्हात मोकळा पडून होता. सोमवारी सकाळी सहाला बापूराव आले, पोहायचे कपडे न आणता. ताईंनी गोळी टाकली. रंग फिका गुलाबी आला. बापूरावांनी तक्ता डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, "ठीक दिसतंय," आणि कपडे आणायला घरी गेले.

गुरुवारी नम्रताचा फोन आला. डॉक्टरांनी तपासणी करून घेतली होती आणि ताई म्हणाल्या होत्या तोच जंतू निघाला होता. तेजस आता बरा होता. त्या संध्याकाळी पाण्यात असलेल्या आणखी दोन मुलांना जुलाब झाले. औषधपाण्याने तीही सावरली. स्पर्धा ठरल्या दिवशी झाली असती तर त्या रविवारी तिथे दीडशे मुलं उतरली असती.

क्लबच्या पुढच्या मीटिंगमध्ये नम्रता स्वतःहून उभी राहिली. ते मूल माझं होतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं आणि जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे मुलाला पाण्यात आणायचं नाही, असा नियम करायला लावला. प्रवेशाच्या फॉर्मवर तो आता छापलेला असतो.

ऑगस्टमध्ये वारज्याच्या एका सोसायटीने ताईंना पाणी कसं सांभाळायचं ते शिकवायला बोलावलं. त्यांचा टँक नवा, तो सांभाळणारा माणूसही नवा. ताई बसने गेल्या. सोसायटीच्या लोकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. चहा येऊ द्या, त्या म्हणाल्या, आणि तोवर त्या माणसाला घेऊन पंपाच्या खोलीकडे चालू लागल्या.