कप्तानाच्या ताटातला घास

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशिक रोडला स्टेशनजवळ त्यांचं वडिलांपासून चालत आलेलं हॉटेल, वर लॉजिंग, आणि हौसेनं पोसलेला व्यावसायिक कबड्डी संघ. हॉटेलात काय, मैदानात काय, हे कायम उभेच, खांद्यावरच्या नॅपकिनला पीळ देत. शेवटचं गिऱ्हाईक उठल्याशिवाय मालकानं जेवायचं नाही, हा वडिलांचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

त्या दुपारी मी तिथे जेवत होतो. संध्याकाळी मालकांच्या संघाची फायनल, आणि समोरचा संघ नेमका त्यांच्याच लॉजवर उतरलेला. ताटं वाढली, पण एकही हात पुढे होईना. त्या संघाचा कप्तान आमटीकडे बघत पुटपुटला, "काही टाकलंबिकलं नसेल ना?"

वाढपी जागीच थबकले. मला तर त्या कप्तानाचा असा राग आला! मालक मात्र खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, त्याच्याच ताटातली भाकरी मोडली, आमटीत बुडवून सगळ्यांदेखत खाल्ली. "आता जेवा," म्हणाले.

संध्याकाळी मालकांचा संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी मी अभिनंदन केलं, तर नॅपकिन पिळत म्हणाले, "कसलं जिंकलो, राव? माझ्या हॉटेलात माणसं ताटावर बसून घाबरली."