धुडकूभाऊंच्या नंबरावरच्या बाया

आमच्या विसरवाडीच्या दवाखान्यात धुडकूभाऊ कंपाउंडर आणि मी, प्रमिलाबाई, नर्स. बावीस वर्षं एका टेबलावर चहा प्यायलो, आणि भांडलोही तितकेच.

नंबर लावायची त्यांची तऱ्हाच निराळी. कोण आधी आलं हे ते बघतच नसत. कोणाची शेवटची गाडी कधी, कोण किती पायपीट करून आलं, ते बघत. डोंगरातल्या पाड्यावरची बाई आली की ती आधी आत. दुकानदार कुरकुरला तर त्याला विचारत, तुझं घर काय पळून चाललंय का? वहीत लिहायचे तेही असंच : 'कालीबाई, वरचा पाडा, दलसिंगची. अशक्तपणा. लाजते, दोनदा विचारणे.' अशी वही कोणत्या कॉलेजात शिकवतात हो?

मोठे डॉक्टर वारले, त्यांचा मुलगा बसू लागला. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगते. त्याने कॉम्प्युटर आणला आणि वही बंद केली. दोन ठिकाणी लिहिलं की घोळ होतो म्हणे. धुडकूभाऊ बिचारे दोन बोटांनी टाइप करायला शिकले. पण पेशंटचा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय तो कॉम्प्युटर पुढे सरकायचाच नाही. पाड्यावरच्या बायांकडे कुठला आलाय मोबाइल! डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला. कंपनीचा माणूस म्हणाला, तशी सोय नाही.

मग या शहाण्या माणसाने काय करावं? स्वतःचाच नंबर टाकला. शिकताना त्यांनी आपलंच नाव घालून पाहिलं होतं, त्यामुळे त्या नंबराला दुसरं नाव चालेना. बाईला परत कसं पाठवायचं, म्हणून तिला धुडकू म्हणूनच आत सोडलं. होता होता अशा नऊ बाया झाल्या. सगळ्या कॉम्प्युटरात धुडकू, पुरुष, वय अठ्ठावन्न. मला कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. मला सगळ्या पाठ आहेत, असं ते म्हणाले, आणि होत्याही पाठ. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

रक्त तपासायला नंदुरबारला जायचं. बाटलीवरची चिठ्ठीही कॉम्प्युटरच छापायचा. एरवी एका दिवशी अशी एखादीच बाई असे, निभावून जाई. मार्चमधल्या एका सोमवारी तिघींचं रक्त गेलं. तिघीही अशक्त, तिघीही पांढऱ्याफटक, आणि तिन्ही बाटल्यांवर धुडकू. मंगळवारी दुपारी भाऊंच्या मोबाइलवर तीन रिपोर्ट आले. दोन बरे होते. तिसऱ्यात हिमोग्लोबिन साडेतीन, ताबडतोब रक्त चढवा.

भाऊंनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हाई कोनं शे, प्रमिलाबाई?"

तिसरा रिपोर्ट कोणाचा, हे मी काय सांगणार? मला कुठे पाठ होत्या.

डॉक्टरांनी लगेच गाडी दिली. तिघींचे पाडे तीन दिशांना, आणि गाडी जाते त्यापुढे सगळी चढण. भाऊंनी एकीला आणून गाडीत बसवलं, मग दुसरीला. तिसऱ्या पाड्यावर पोचायला बुधवारची सकाळ झाली. कालीबाई पहाटेच गेली होती.

महिन्याभराने दलसिंग दवाखान्यात आला. मृत्यूच्या नोंदीसाठी, बायको इथे औषध घेत होती असा कागद ग्रामसेवकाने मागितला होता. भाऊंनी कालीबाई टाइप केलं. नोंद नाही. पुन्हा केलं, तरी नाही. मग त्यांनी स्वतःचं नाव घातलं, आणि तिच्या चारही तारखा समोर आल्या.

सापडली का, दलसिंगने विचारलं.

"सापडनी रे भाऊ. पन मन्हा नाववर शे."

दलसिंगला वाचता येत नव्हतं. तो पडद्याकडे बघत राहिला, मग भाऊंकडे. हा सगळा आजार भाऊंच्या नावावर आहे, एवढंच त्याला समजलं.

"तुम्हालाही तेच झालंय का, भाऊ? मग उशीर करू नका. लवकर रक्त चढवून घ्या."

भाऊ तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. मीही रडले. दलसिंग बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता.