सकाळची अर्धी गोळी

आमच्या कार्यालयासमोर मास्तरांचं टेलरिंगचं दुकान आहे. माझ्या सगळ्या पँटी त्यांनीच शिवल्या आणि पोट सुटत गेलं तशा सैलही केल्या. मास्तर आणि त्यांची थोरली बहीण, दोघंही बिनलग्नाची, दुकानामागच्या खोलीत राहतात. मास्तर कापतात, शिवतात. ताई काज-बटण करायच्या, बोटं संधिवाताने आखडेपर्यंत. घरातली तिसरी चिंधी. कापडाच्या तुकड्यांच्या पोत्यात सापडलेली मांजर, आता नऊ वर्षांची. झोपायची जागा अजून तीच, मशीनखालचं पोतं.

गेल्या वर्षी ती तोंड उघडून धापा टाकू लागली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाचे स्नायू जाड झालेत, हे बरं होणारं दुखणं नाही. औषधाने दिवस वाढतील, इतकंच. सकाळी छातीतलं पाणी काढणारी पांढरी गोळी, अर्धी. संध्याकाळी हृदयाची गुलाबी. झोपेत श्वास मोजायचे आणि मिनिटाला तीसच्या वर गेले की घेऊन यायचं.

मास्तरांनी मापाच्या वहीत चिंधीसाठी एक पान राखलं. गिऱ्हाइकांची छाती, कंबर, उंची. हिचे नुसते श्वास. चोवीस, सव्वीस, पंचवीस. संध्याकाळची गोळी ते जबडा उघडून देत. ताईंना ते जमेना. त्या सकाळची गोळी शिजवलेल्या माशात दडवून भरवत.

"माझं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा नाही मोजलेस श्वास," ताई टोमणा मारत.

"तू घोरतेस. जिवंत आहेस हे गल्लीला कळतं," मास्तर म्हणत.

चिंधीने टाचणी गिळू नये म्हणून ते दिवसातून तीनदा दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवत, पोत्यातूनही. झाडू क्वचितच. पोतं भरलं की गादीवाला नेई, उशांत भरायला.

मार्चमध्ये श्वास एकतीस झाले, मग छत्तीस. दोनदा सुईने छातीतलं पाणी काढावं लागलं. औषध लागू पडत नाही, दुखणं पुढे गेलंय, असं बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी पँट घालून बघत असताना गादीवाला आला. ताई मागे होत्या. त्याने मूठ उघडली आणि म्हणाला, "मास्तर, आता चिंध्यांबरोबर औषधंही देता काय?" मुठीत धागे चिकटलेल्या गोळ्या होत्या. मास्तरांनी त्या कापायच्या टेबलावर ओळीने मांडल्या. तेवीस. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या अर्ध्या. गुलाबी एकही नाही. चिंधी मासा खाई, गोळी गालात धरी आणि पोत्यात येऊन टाकून देई.

गादीवाला गेल्यावर मास्तरांनी गोळ्या बटणांच्या डब्यात टाकल्या. चुंबक फिरवलं की जागा साफ, असंच आपण धरून चाललो, म्हणाले. आणि ताईला यातलं काही बोलू नका, असं मला बजावलं.

सकाळची गोळीही मीच देतो, तुझी बोटं दुखतात, असं त्यांनी ताईंना सांगितलं. ताई रुसल्या. एवढं एकच काम उरलं होतं त्यांना. चार दिवस श्वास उतरून तिसावर आले. पाचव्या दिवशी चव्वेचाळीस. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. गोळ्या पोटात गेल्या असत्या तर काही महिने मिळाले असते, असं त्या म्हणाल्या. आता त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

काल दुपारी पँट आणायला गेलो. चिंधी टेबलावर मान ताणून पडली होती, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. पुढ्यातला मासा तसाच होता. ताई वाकड्या बोटांनी तिचे कान चोळत होत्या.

"मी देत होते तोवर सकाळची गोळी एकदाही चुकवली नाही ना रे?"

मास्तर माझ्या पँटची घडी घालत होते. त्यांनी ती मोडली, परत घातली.

"एकदाही नाही," ते म्हणाले.

मग घड्याळ हातात घेऊन मोजायला बसले. मिनिट संपलं. वही उघडी होती, पण त्यांनी आकडा लिहिला नाही.