ओल्या चुन्यातला पंजा

ओल्या चुन्याचा वास आला की आखातातल्या रास अल खैमाचा समुद्रकाठचा जुना किल्ला आठवतो. आम्ही त्याची डागडुजी करत होतो. माझा पाय घसरला आणि ताज्या गिलाव्यावर माझी पाचही बोटं उमटली. फोरमन म्हणाला, "खलास. बॅग भर, गावाला जा." तेवढ्यात देखरेखीच्या ब्रिटिश मॅडम हसल्या आणि त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. फोरमननंच मग तोंड पाडून मला हिंदीत सांगितलं, की मॅडमच्या देशात रोमन लोकांनी समुद्रकाठी किल्ले बांधलेत, तिथं ओल्या विटांवरून कुत्री चालली होती, ते पंजे लोक अजून जपतात. तेव्हा हाही राहू दे. कुत्र्यांच्या पंगतीला बसलो, पण नोकरी वाचली. आजही मला सही येत नाही, कागद आला की अंगठा देतो. त्या भिंतीवर मात्र माझा अख्खा पंजा आहे.