ब्रश मारलेला जोड

बाईंना वर्कशॉपमध्ये सगळे तोफ म्हणत, आणि तेही तोंडावर. पाठीमागे म्हटलेलं कानावर गेलं तर जास्त महागात पडायचं. सव्वीस वर्षं त्या विमानाच्या इंजिनातल्या गरम हवेच्या नळ्यांचं वेल्डिंग करत होत्या. नवरा गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. वेल्डिंगच्या ह्याच टेबलाशी बसून बाईंनी तिला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. आणि जावई कोण, तर ह्याच वर्कशॉपचा सुपरवायझर! म्हणजे घरी जावई म्हणून अहोजाहो, कामावर साहेब म्हणून अहोजाहो. कितीही डोकं फिरलं तरी त्या माणसाला 'अरे' म्हणायची सोय नाही.

त्या सोमवारी बाई आल्या आणि तपासणीच्या ट्रॉलीपाशी थबकल्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनीच जोडलेली टायटॅनियमची नळी तिथं ठेवली होती. जोडावर बारीक, केसासारख्या रेघा होत्या. कुणीतरी तारेचा ब्रश मारला होता.

आता ह्यात एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण टायटॅनियम तापलेलं असताना त्याला हवा लागली की ते हवा पितं आणि ठिसूळ होतं. म्हणून ते आर्गॉन वायूच्या पांघरुणाखाली जोडायचं, आणि जाळ विझला तरी वायू सोडणारी टॉर्च तिथंच धरून ठेवायची, जोड निवेपर्यंत. वायू नीट मिळाला तर जोड चांदीच्या रंगाचा येतो. नाही मिळाला तर निळा, आणि निळा म्हणजे नापास. हा रंग तपासनीस बघून सही करेपर्यंत जोडाला ब्रश लावायचा नाही, असा नियम. नव्या माणसाला बाई पहिल्याच दिवशी सुनवायच्या, चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर झाडून काढतं का कुणी?

तर तोफ धडाडली. माझ्या जोडाला हात लावायची छाती कुणाची झाली, इथपासून सुरुवात. खुंटीवरचे सगळे ब्रश काढून त्यांनी टेबलावर आपटले. शेजारच्या टेबलावरचा वेल्डर बाईंच्या जागेवर डोळा ठेवून आहे, हे बाईंनी कधीच ठरवून टाकलेलं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. बिचारा हातातला मास्क खाली न ठेवता ऐकत राहिला. लेथवाला मध्ये पडला, म्हणाला, बाई, धूळबीळ असेल. मग त्याचीही धूळ झटकून झाली.

शेवटी जावयानं त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ब्रश मी मारला," तो म्हणाला. "जोड निळा होता, आई."

कामावर त्यानं आजवर कधी आई म्हटलं नव्हतं. खाली मान घालून त्यानं बाकीचंही सांगितलं. जोड जिथं संपतो तिथं नखाएवढा डाग होता. महिन्यात बाईंचे दोन जोड आधीच नापास झालेले. तिसरा झाला की वेल्डरचा शिक्का, म्हणजे जोडायचा परवानाच, काढून घेतात, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. निवृत्तीला आठ महिने राहिलेले आणि खांदा हा असा. आईला स्वतःचे केससुद्धा बांधता येत नाहीत, हे बायकोनं सांगितलं होतं. नळी एक्स-रेत पास होईल, आपण दोघं सोडून कुणाला माहीत नाही, असंही तो म्हणाला.

बाईंना शुक्रवार आठवला. जाळ विझला की त्या मनात वीसपर्यंत मोजत. शुक्रवारी खांद्यातून अशी कळ आली, की बारालाच हात उचलला गेला, आणि रंग न बघताच नळी ट्रॉलीवर ठेवली गेली. आठवलं, आणि आठवलं म्हणूनच त्या जास्त भडकल्या.

"ठिसूळपणा एक्स-रेत दिसत नाही, हे तुम्हाला मीच शिकवलं ना?" त्या म्हणाल्या. "निळा ठेवला असता तर मी नापास झाले असते. तुम्ही तो पुसलात, आता नळी नापास आहे हेच कुणाला कळणार नाही. वर विमानात बसलेल्यांना काय सांगणार, सासूबाईंचा खांदा दुखत होता?"

बाई तरातरा बाहेर आल्या, नळी उचलली आणि करवतीच्या मशीनवर बरोबर जोडातून आडवी कापली. मशीनचा आवाज थांबेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग त्या शेजारच्या वेल्डरपुढं जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, तू नव्हतास, चूक माझी होती. एवढीच माफी. तोफेकडून तेवढी मिळाली हेसुद्धा नशीब, असं लेथवाला नंतर म्हणाला.

नापास मालाच्या फॉर्मवर त्यांनी कारण लिहिलं: टॉर्च लवकर उचलली. खाली दुसरी ओळ लिहिली: निळा डाग तपासणीआधी ब्रशनं काढला, सुपरवायझर. जावई मागंच उभा होता. माझी नोकरी जाईल, तो हळूच म्हणाला. माहीत आहे, बाई म्हणाल्या, आणि खिशातून शिक्का काढून त्यांनी फॉर्मवर ठेवला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आधी रडली, मग कडाडली. मुलगी कुणाची!

"त्यानं तुझ्यासाठी केलं आई, आणि तू त्याचं नाव लिहिलंस?"

"आधी माझं लिहिलं," बाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. बाई स्वयंपाकघरात गेल्या, भांडी आदळली, एका हातानं कणीक मळायला घेतली. खांद्याचा राग, जावयाचा राग, घरातल्या गोष्टी नवऱ्याला सांगणाऱ्या लेकीचा राग. ह्या सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या, तरी आतली आग काही विझेना. केबिनमध्ये जावई म्हणाला होता, आपण दोघं सोडून कुणाला माहीत नाही. ते ऐकून क्षणभर, अगदी क्षणभरच, बाईंना सुटल्यासारखं वाटलं होतं.