खिडकीची खोली

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. एकतीस वर्षं तिनं लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली. कुणाच्या खिडकीतून बाग दिसायची, कुणाच्या खिडकीतून नदी. तिच्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून मात्र शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप तेवढे दिसत.

म्हणून नवऱ्यानं क्रूझचा बेत काढला तेव्हा तिनं एकच अट घातली. "खोली खिडकीची हवी. सकाळी डोळे उघडले की पलंगावरून समुद्र दिसला पाहिजे. बाकी काही मागत नाही मी."

नवरा हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं कधीच काही जात नसे. बरोबर थोरले दीर आणि जाऊबाई होत्याच. दादांना विचारल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

जहाजावर खोलीचं दार उघडलं तर पलंगासमोर लांबरुंद निळा पडदा. ती हातातली पिशवी टाकून तिकडे धावली. पडद्याला हात लावला आणि जागच्या जागी थांबली. त्याला कड्याच नव्हत्या. वरची पट्टी भिंतीला ठोकलेली होती. ओढायचा पडदा कुठला आणि शोभेचा कुठला, हे तिच्या बोटांना सांगावं लागत नसे. मागे कोरी भिंत होती.

"खिडकीच्या खोल्या संपल्या होत्या गं," नवरा बॅगेत डोकं घालून म्हणाला.

तिनं विश्वास ठेवलाही असता. पण सामान घेऊन आलेल्या माणसानं बॅगेवरची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "तुमची तर वरची, खिडकीची खोली होती ना? बदलून घेतलीत का?"

नवऱ्याला आता बॅगेतून डोकं काढावंच लागलं. "दादांना कोंडल्यासारखं होतं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तू डेकवर जाऊन बघ की. समुद्र काय पळून जातोय?"

ती भांडली नाही. एकत्र राहत होते तेव्हा हवेशीर खोली दादांना गेली होती आणि घरातला पहिला पंखाही. तेव्हाही दादांना कोंडल्यासारखंच होत होतं. राग गिळून गिळून तिला आता त्याची चवही कळेनाशी झाली होती.

तिसऱ्या दिवशी दीर नाश्त्याला गेल्यावर जाऊबाईंनी तिला वर बोलावून घेतलं. "सुईदोरा आणलास ना? मेला हा पडदा धड मिटतच नाही. मधे फट राहते नि पहाटेपासून ऊन डोळ्यांवर. यांची झोपमोड होते. जरा टाके घाल बाई."

फटीतून समुद्र दिसत होता. उशीपासून दोन हातांवर, तिनं मागितला होता अगदी तसा. सुईत दोरा ओवायला तिनं मुद्दाम वेळ लावला.

"पुन्हा उघडायचा झाला तर?" तिनं विचारलं.

"कशाला उघडायचाय? पाणीच पाणी. त्यात बघायचंय काय?"

तिनं दोरा दुहेरी घेतला. वरून सुरुवात केली आणि खालपर्यंत बारीक, घट्ट टाके घातले. शेवटची गाठ मारली तेव्हा खोलीत अंधार झाला होता.

"तुझ्या हाताला तोड नाही हो," जाऊबाई समाधानानं म्हणाल्या.

ती खाली आली तेव्हा नवरा जरा नरमला होता. "मग? दिसला का वरून समुद्र?"

"दिसला," सुई डबीत ठेवत ती म्हणाली. "शिवून आले."